अपत्यार्थ चिकित्सा आणि निसटलेला पुरुष

वैद्यकीय मजकूर हा वाङ्मयसमीक्षेच्या कक्षेबाहेरचा मानण्याची आपल्याकडे प्रथा आहे. कविता, कथा, नाटक आणि फार झाले तर संतांचे अभंग एवढ्यावर आपण आपली हद्द आखून घेतो. परंतु औषधाचा पाठ, व्रताची कहाणी आणि औषधाची जाहिरात हेही शब्दांचेच व्यवहार होत. त्यांचा श्रोता ठरलेला असतो, त्यांच्या उपमा ठरलेल्या असतात, आणि त्यांच्या वाक्यांत कर्ता कोण व कर्म कोण हेही ठरलेले असते. मूल व्हावे म्हणून ज्या वनौषधी घेतल्या जातात त्यांच्याविषयीचा मजकूर या दृष्टीने वाचून पाहण्याचा येथे विचार आहे. प्रतिपाद्य थोडक्यात असे, की जी चिकित्सा मूळ ग्रंथांत पतिपत्नी दोघांना उद्देशून सांगितली होती ती मराठी घराच्या उंबरठ्याच्या आत येईपर्यंत एकट्या स्त्रीची झाली. पुरुष त्या मजकुरातून निसटला, आणि तो कोठे निसटला हे शब्दांच्या आधारे बऱ्याच अंशी दाखविता येते.

या विषयाची सारी अंगे एकत्र पाहावयाची असतील तर फार दूर जावे लागत नाही. ठाण्याच्या टेंभी नाक्याचा परिसर घ्यावा. अठराव्या शतकातली पारशी अग्यारी, मुनिसुव्रतस्वामींचे जैन मंदिर आणि अनेक दशके जिल्ह्यातील गोरगरिबांचा आधार असलेले सिव्हिल रुग्णालय ही सारी या एका नाक्याच्या आसपासची स्थळे. आनंद दिघे यांनी १९७८ साली येथे नवरात्रोत्सव सुरू केला. तेव्हापासून आश्विनात ठाण्याच्याच नव्हे, तर कल्याण-डोंबिवलीकडच्या स्त्रियाही येथील देवीची खणानारळाने ओटी भरावयास येतात. त्या ओटीमागे अनेक मागणी असतात; अपत्याची मागणी ही त्यांतली जुनी आणि न बोलता समजणारी. नवस फेडावयास आलेली बाई वर्षभरात एखाद्या स्त्रीरोगतज्ज्ञाकडे सोनोग्राफी करून आलेली असते, आणि घरी दुधातून शतावरीचे चूर्णही घेत असते. यात काही विसंगती आहे असे तिला वाटत नाही. टीकाकारानेही ती घाईने शोधू नये. तिच्यापाशी जो जो मजकूर पोचला आहे तो तिला काय सांगतो, हे आधी वाचावे.

प्रथम मूळ ग्रंथ. चरकसंहितेच्या शारीरस्थानातील आठवा अध्याय, जातिसूत्रीय, हा अपत्यार्थींसाठीच लिहिलेला आहे. त्याचा आरंभ वाचकाने लक्षपूर्वक पाहावा. ज्यांना उत्तम संतती हवी अशा स्त्री आणि पुरुष दोघांचे स्नेहन, स्वेदन, वमन, विरेचन यांनी शोधन करावे, त्यानंतर बस्ती द्यावेत. पुढे पुरुषाला मधुर औषधींनी सिद्ध केलेले तूप व दूध द्यावे, आणि स्त्रीला तिळाचे तेल व उडीद. दोन शरीरे, दोन आहार, एक प्रयोजन. सुश्रुताने शारीरस्थानात गर्भसंभवाला जी चार अंगे सांगितली ती तर प्रसिद्धच आहेत : ऋतू, क्षेत्र, अंबू आणि बीज. शेतकऱ्याच्या अनुभवातून घेतलेली ही उपमा आहे, आणि ती प्रामाणिकपणे चालविली तर तिच्यात एक न्याय आहे. पीक न आल्यास केवळ जमिनीला दोष देणारा शेतकरी शहाणा नव्हे. तो बियाणेही तपासतो. आजचा तज्ज्ञ बीजोत्सर्गाचा काळ पाहतो, गर्भाशय व बीजवाहिन्या पाहतो, संप्रेरके पाहतो, वीर्याची तपासणी करतो. त्याची उपपत्ती निराळी, साधने निराळी. परंतु प्रश्नांची वाटणी या चार अंगांहून फार वेगळी नाही. (म्हणून प्राचीनांना सारे ठाऊक होते असा निष्कर्ष काढणाऱ्यांची आपल्याकडे उणीव नाही. तसा तो निघत नाही. प्रश्न नीट विचारणे आणि उत्तर बरोबर असणे या भिन्न गोष्टी आहेत.)

त्याहूनही लक्षणीय असा भाग चिकित्सास्थानाच्या दुसऱ्या अध्यायात, वाजीकरणाच्या प्रकरणात येतो. निरपत्य माणसाची दैना वर्णन करताना चरकसंहिता एकामागून एक उपमा देते : एकच फांदी असलेला, छाया नसलेला, फळ नसलेला एकटा वृक्ष, चित्रातला दिवा, आटलेले तळे. उपमा कठोर आहेत. पण हा निरपत्य माणूस पुरुष आहे. निष्फळ वृक्ष तो, कोरडे तळे तो. मराठी वाचकाला हे वाचताना किंचित दचकावयास होते, कारण त्याच्या भाषेने ही सारी सामग्री दुसरीकडे नेऊन ठेवली आहे. मराठीत ‘वांझ’ हा शब्द बाईला, गाईला, झाडाला लागतो, जमिनीला लागतो. ‘वांझोटा’ हे पुंलिंगी रूप आंब्याला किंवा निष्फळ चर्चेच्या संदर्भात वादाला लावतील, पण माणसाला सहसा लावणार नाहीत. ज्या पुरुषाला मूल होत नाही त्याच्यासाठी आपल्यापाशी सरळ शब्दच नाही. ‘नपुंसक’ म्हणावे तर तो निराळा विकार; संभोगाची शक्ती आणि बीजाची शक्ती यांची त्यात गल्लत होते, आणि या गल्लतीच्या भीतीनेच अनेक पुरुष साधी वीर्यतपासणी टाळतात. ‘निपुत्रिक’ हा शब्द दोघांनाही लागतो खरा, परंतु त्याच्या पोटात पुत्र आहे. मुलींचा बापही त्या शब्दाच्या तावडीतून पुरता सुटत नाही. उलट बाजूला ‘कूस उजवणे’, ‘पोट पिकणे’, ‘दिवस जाणे’ हे सारे वाक्प्रचार स्त्रीच्या देहात घडतात. बीजाचे यशापयश सांगणारा वाक्प्रचार शोधूनही सापडत नाही.

ही स्थित्यंतरे एकदम झाली नसणार. मधली एक पायरी कहाणीत दिसते. श्रावणातील मंगळागौरीची कहाणी सर्वांच्या परिचयाची आहे. वाणी श्रीमंत आहे, पोटी संतान नाही. दारी येणारा गोसावी निपुत्रिकाच्या हातची भिक्षा घेत नाही, आणि भिक्षा घालणारा हात बाईचा आहे. युक्तीने घातलेल्या भिक्षेमुळे शाप मिळतो. विनवणीवर उःशाप मिळतो. पुढचे सारे चालणे मात्र नवऱ्याचे आहे. निळ्या घोड्यावर बसून तो रानात जातो, घोडा अडखळेल तेथे खणतो, देवीचे देऊळ शोधतो, वर मागतो, गणपतीच्या दोंदावर पाय देऊन आंबा तोडतो. मोहाने पुष्कळ तोडले तरी हाती एकच उरतो. तो आंबा तो घरी आणतो आणि बायको खाते. कथनाची ही वाटणी अर्थपूर्ण आहे. प्रवास, पराक्रम आणि दैवाशी बोलणी ही पुरुषाकडे. कलंक आणि मात्रा ही स्त्रीकडे. रामायणातील पायसाची वाटणीही अशीच आहे. यज्ञ राजाचा, प्राशन राण्यांचे. तरीही कहाणीला एक श्रेय दिले पाहिजे : तिच्यातला पुरुष निदान घोड्यावर बसतो. मूल नसणे हा आपलाही प्रश्न आहे हे त्याला मान्य आहे. पुढच्या काळातील मजकुरात एवढेही उरत नाही.

छापखान्याच्या काळाकडे वळू. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून मराठीत घरगुती वैद्यकाचे विपुल वाङ्मय निर्माण झाले. शंकर दाजीशास्त्री पदे यांचा ‘आर्यभिषक्’ हा त्यातला दीर्घकाळ घरोघर राहिलेला ग्रंथ. १९०७ साली नाशिकास आयुर्वेद संमेलनाची चळवळ उभारणारे तेच पदे. डॉ. वामन गणेश देसाई यांचा ‘ओषधीसंग्रह’ १९२७ मधला. त्याचे धोरण अधिक चिकित्सक, वनस्पतीची ओळख पक्की करून मग गुण सांगण्याचे. या ग्रंथांची योग्यता मोठी आहे. पण त्यांच्या रचनेने एक परिणाम घडविला, तो ग्रंथकर्त्यांच्या मनात नसेलही. संहितेत आधी रोगी, मग दोष, मग औषध असा क्रम असतो. वनस्पतीवार रचलेल्या पुस्तकात आधी वनस्पती येते आणि तिच्याखाली ती कोणकोणत्या विकारांवर चालते याची यादी. घरातली वडीलधारी बाई यादी वाचते. निदान तिच्या हाती नसते. वाग्भटाच्या उत्तरस्थानातील फलघृत घ्या. मंजिष्ठा, कुष्ठ, तगर, त्रिफळा, हळद, ज्येष्ठमध, अश्वगंधा, शतावरी अशा अनेक द्रव्यांनी सिद्ध केलेले हे तूप योनिव्यापदांच्या, म्हणजे स्त्रीच्या जननेंद्रियांच्या विकारांच्या चिकित्सेत येते. योनिव्यापद वीस, कोणता ते ठरविणे वैद्याचे काम. घरगुती वापरात विकाराचे नाव गळाले, तूप राहिले, आणि ते खाणारी सून राहिली.

याच काळात मुंबईस र. धों. कर्वे १९२७ ते १९५३ ‘समाजस्वास्थ्य’ चालवीत होते. स्त्रीपुरुषांच्या शरीराविषयी मराठीत सरळ शब्दांनी लिहिता येते, हे त्यांनी दाखवून दिले. त्यांच्यावर खटले झाले. गूढ भाषेत पुत्र देऊ करणाऱ्या जाहिरातींना मात्र मराठी वृत्तपत्रांत मोकळी जागा होती. भाषेच्या इतिहासात हाही एक नोंद करण्याजोगा विरोध होय.

आता वनस्पतींच्या नावांकडे पाहावे, कारण या क्षेत्रात नाव हेच पुष्कळदा औषध असते. ‘शिवलिंगी’ या वेलीचे बी पिंडीच्या आकाराचे भासते. त्यावरून नाव, आणि नावावरून गुण. ‘लक्ष्मणा’ नेमकी कोणती वनस्पती याविषयी वैद्यांत एकमत नाही, तरी ती पुत्रदा आहे याविषयी शंका नाही! सर्वांत बोलके उदाहरण ‘पुत्रजीवक’ अथवा ‘पुत्रजीवी’ या वृक्षाचे. त्याच्या बियांच्या माळा लहान मुलांच्या गळ्यात घालीत, त्या मुलाने जगावे, दुखणी टळावीत म्हणून. ‘पुत्र जगविणारा’ हा शब्दाचा सरळ अर्थ, आणि जेथे निम्मी मुले पाळण्यातच जात तेथे हे नाव किती व्याकुळतेने ठेवले असेल याची कल्पना करता येते. पुढे त्याचा अर्थ ‘पुत्र देणारा’ असा फिरला. ३० एप्रिल २०१५ रोजी राज्यसभेत हरिद्वारच्या एका मोठ्या औषधकारखान्याच्या याच नावाच्या बियांवरून गदारोळ झाला, तेव्हा कारखान्याचा बचाव असा होता, की नाव वनस्पतीचे आहे, पुत्राची हमी नाही. शब्दार्थाच्या बाजूने हा बचाव खराच आहे. पण विकत घेणारा शब्दकोश उघडून विकत घेत नसतो, आणि विकणाऱ्याला ते ठाऊक असते.

येथे ग्रंथांचीही बाजू कच्ची आहे, ती झाकून ठेवणे समीक्षकास शोभणार नाही. चरकाच्या त्याच आठव्या अध्यायात पुंसवनाचा विधी आहे : गर्भाचे लिंग व्यक्त होण्यापूर्वी, पुष्य नक्षत्रावर, वडाचे कोंब उडीद वा पांढरी मोहरी यांसह दह्यातून द्यावे; किंवा सोने, रुपे, लोखंड यांच्या चिमुकल्या पुरुषाकृती तापवून दूध, दही वा पाण्यात विझवाव्या आणि ते प्यावे. सुश्रुत लक्ष्मणेचे थेंब उजव्या नाकपुडीत घालावयास सांगतो. शोधन, आहार, विश्रांती सांगणारा चिकित्सक येथे थांबतो आणि निराळाच कोणी बोलू लागतो. शैलीही बदलते, कारणमीमांसेची जागा नक्षत्र आणि आकृती घेतात. मुलगा की मुलगी हे पित्याच्या शुक्राणूने गर्भधारणेच्या क्षणीच ठरते, त्यानंतरचा कोणताही कोंब ते फिरवू शकत नाही, हे आज निर्विवाद आहे. मराठी परंपरेने दोघांच्या शोधनाचा पहिला भाग सोडला आणि पुंसवनाचा दुसरा जपला. २०२० साली एका लोकप्रिय कीर्तनकाराच्या सम-विषम तिथींविषयीच्या विधानावरून वाद पेटून प्रकरण न्यायालयात गेले. ती कल्पनाही याच दुसऱ्या भागातली.

हे केवळ आपल्याकडेच घडले असे नव्हे. चीनमध्ये सातव्या शतकात सुन सिमियाओ या वैद्याने आपल्या मोठ्या योगसंग्रहात स्त्रियांचे योग सर्वांच्या आधी ठेवले, आणि त्यांतही पहिले प्रकरण अपत्यप्राप्तीचे. त्याचे म्हणणे असे, की मूल होत नसेल तर पती व पत्नी दोघांनाही क्षीणतेचे विकार असतात. म्हणून पतीने सात बियांच्या नावाचे चूर्ण घ्यावे आणि पत्नीने निराळी गोळी. त्या गोळीत शतावरीच्याच कुळातील एक मूळ येते. चरकाच्या तूपदूध आणि तेलउडदांशी याचे साम्य चकित करणारे आहे. साम्य तेथेच थांबत नाही : स्त्रीगर्भाचा पुरुषगर्भ करण्याचे उपायही त्याच संग्रहात आहेत. दोन स्वतंत्र परंपरा एकाच शहाणपणापाशी आणि एकाच भ्रमापाशी पोचलेल्या दिसतात. मात्र आधुनिक चीनने आपल्या काही परंपरांना कसोटीवर उभे केले हेही सांगितले पाहिजे. पीसीओएस या नावाने आज घरोघर माहीत झालेल्या विकाराच्या १००० चिनी स्त्रियांवर केलेल्या आणि २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत, सुया टोचण्याच्या पारंपरिक उपचाराने अपत्यजन्माचे प्रमाण वाढले नाही. क्लोमिफीन या औषधाने ते वाढले. आपल्या परंपरेविषयी असे नकाराचे उत्तर जाहीरपणे छापणे ही सोपी गोष्ट नव्हे.

आपल्याकडे कसोटीऐवजी कायदा आला. १९५४ च्या आक्षेपार्ह जाहिरातींविषयीच्या कायद्याने ज्या विकारांवरील औषधांची जाहिरात करण्यास मनाई केली त्यांची सूची वाचण्याजोगी आहे. त्या सूचीत स्त्रियांचे वंध्यत्व आहे. पुरुषाच्या बाजूला आहे ती केवळ लैंगिक दुर्बलता. पुरुषाचे वंध्यत्व अशी नोंद नाही. मराठी भाषेत जी पोकळी आहे तीच या इंग्रजी कायद्याच्या अनुसूचीत निघावी, हे आश्चर्य मानावे की न मानावे? पुढे महाराष्ट्राने १९८८ साली गर्भलिंगपरीक्षेवर देशात प्रथम बंधन घातले, १९९४ साली केंद्राचा कायदा झाला, आणि २००३ च्या दुरुस्तीनंतर गर्भधारणेपूर्वीच्या लिंगनिवडीची जाहिरातही त्याच्या कक्षेत आली. तरी ठाणे-कल्याण मार्गावरील लोकलच्या डब्यांत बाबामहाराजांची चिटोरी चिकटलेली प्रवाशांनी वर्षानुवर्षे पाहिली आहेत, आणि त्यांत नोकरी, वशीकरण व संतान ही तिन्ही एका ओळीत असतात. त्या मजकुराचे व्याकरण तपासले तर त्यात कर्ता सदैव अध्याहृत असतो. गुण कोणाला आला, कोणत्या विकारात आला, हे वाक्य सांगत नाही. ‘खात्रीशीर’ हे विशेषण तेवढे जागेवर असते.

यात नुकसान काय, असे विचारणारे सुज्ञ लोक भेटतात. पाला तो पाला. लागला तर लागला. याला दोन उत्तरे आहेत. पहिले द्रव्यांचे. २०११-१२ मध्ये न्यूयॉर्क शहरात सहा गर्भवती स्त्रियांच्या रक्तात शिशाचे विषारी प्रमाण आढळले, आणि त्याचा संबंध भारतात तयार झालेल्या दहा आयुर्वेदीय औषधांशी लागला. हरियाणात पुत्रासाठी घेतल्या जाणाऱ्या गावठी औषधांचा अभ्यास झाला तेव्हा ती घेणाऱ्या मातांच्या मुलांत जन्मजात व्यंगांचे प्रमाण अधिक दिसले. त्या औषधांत शिवलिंगीचे बीही होते. अश्वगंधा गर्भारपणात घेऊ नये असा आधुनिक सल्ला आहे, आणि मूल व्हावे म्हणून औषध घेणारी स्त्री कोणत्या दिवसापासून गर्भवती आहे हे तिला स्वतःलाही लगेच कळत नाही. दुसरे उत्तर काळाचे, आणि ते अधिक गंभीर. वर्षभर प्रयत्न करूनही दिवस न गेल्यास, आणि स्त्रीचे वय पस्तिशीपुढे असेल तर सहा महिन्यांनीच, दोघांची तपासणी व्हावी हा आजचा सर्वमान्य नियम. बीजवाहिन्यांचा क्षय आपल्या देशात दुर्मीळ नाही. बंद झालेली वाहिनी कोणत्याही तुपाने उघडत नाही. स्त्रीचे बीज वयाबरोबर कमी होत जाते. नवऱ्याच्या वीर्यात शुक्राणूच नसताना बायकोने चार वर्षे काढे प्यावेत, अशी घरे ठाणे-डोंबिवलीत काय किंवा कोठे काय, कमी नाहीत. ती चार वर्षे तिच्या वयातून वजा होतात.

आणि तरीही वनौषधींचा प्रश्न इतक्याने निकालात निघत नाही. २०१३ साली एक छोटासा प्राथमिक अभ्यास प्रसिद्ध झाला. तो ठाण्यातल्याच एका वंध्यत्वचिकित्सेच्या केंद्राशी संबंधित संशोधकांचा, आणि त्याचा विषय होता शुक्राणू कमी असलेले पुरुष. ४६ जण, २१ जणांना अश्वगंधेच्या मुळाचा अर्क, दिवसाला ६७५ मिलिग्रॅम, ९० दिवस, बाकीच्यांना निष्क्रिय मात्रा. अर्क घेणाऱ्यांची शुक्राणुसंख्या सरासरीने १६७ टक्के वाढली असे त्यांनी नोंदविले. संख्या लहान आहे, मुदत थोडी आहे, आणि अशा आकड्यांवर हुरळून जाऊ नये. २१ जणांच्या सरासरीत दोघा-तिघांचे पुष्कळ चालते. या अभ्यासाचे मोल प्रस्तुत लेखकास दुसऱ्याच कारणाने वाटते. टेंभी नाक्याच्या या शहरात, वाग्भटाने फलघृतात घातलेली आणि शतकानुशतके सुनेच्या दुधात पडत आलेली वनस्पती कोणी तरी नवऱ्याच्या हाती दिली, आणि आधी त्याचे निदान करून दिली. निबंधाची भाषाही त्या दृष्टीने पाहावी : त्यात रोगी पुरुष आहे, विकाराला नाव आहे, मात्रा आहे, मुदत आहे, तुलनेला दुसरा गट आहे. नाही ते एवढेच, की त्याचे माप वीर्य आणि संप्रेरके यांपाशी संपते. त्या ४६ घरांतून पाळणा किती ठिकाणी हलला, हे त्या अभ्यासाने विचारलेले नाही.